आधाराला कुणीतरी हवं

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सोनाबाईला खारघरच्या फिजिओथेरपिस्ट भावना मॅडम मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून व्यायाम शिकवायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "मावशी, आधाराला कुणी असेल तरच उभं राहायचं हं!" मुलगा-सून कामावर जायचे. भिंतीला भिंत लागून राहायची ती जाऊ गोदू, आणि कुंपणाच्या भांडणावरून तिच्याशी नऊ वर्षं अबोला. सोनाबाईने नाइलाजाने हाक मारली. गोदू आली, हात धरून दहापर्यंत मोजू लागली, आणि मोजता मोजता गप्पांना भरती आली.

तीन महिन्यांनी सोनाबाई खाडीतल्या बगळ्यासारखी एका पायावर उभी राहिली. "शाब्बास मावशी! उद्यापासून एकट्याने केलं तरी चालेल," मॅडम म्हणाल्या. सोनाबाईचं तोंड एवढंसं झालं.

गोदूने मोबाईलला दिसणार नाही असा तिला हळूच चिमटा काढला आणि ओरडली, "बगा मॅडम, अजून डगमगते हाय ती!"