जामिनाचा चौथा अर्ज

टेम्पोत गांजाची पुडी सापडली म्हणून इस्त्रीवाल्या मावशींचा मुलगा अकरा महिने तुरुंगात होता. जामिनाचा अर्ज तीनदा फेटाळला गेला होता. सरकारी वकील दर वेळी एकच टाइप केलेला कागद वाचायचे. वरची तारीख बदलायची, एवढेच काय ते त्यांचे कष्ट.

आज न्यायाधीशांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ती पुडीच बघायला मागितली. हवालदार चुळबुळत उभा राहिला. "साहेब, ठाण्यातच ठेवली होती, कुलपात. पण उंदरांनी खाल्ली."

मावशींनी सुनेचा हात घट्ट धरला. "ऐकलंस का गं? पुडीच नाही म्हटल्यावर आता कशावर अडवतील? उंदीरमामा पावले बघ आपल्याला!"

"आई, हळू बोला," सून म्हणाली. पण हसू तिलाही आवरेना.

सरकारी वकिलांनी चष्मा चढवला, तोच कागद काढला आणि एका दमात वाचून टाकला. न्यायाधीशांनी घड्याळाकडे बघत निकाल सांगितला.


"जामीन नामंजूर. आरोपीला बाहेर सोडल्यास तो पुरावा नष्ट करण्याची शक्यता आहे."