ड्रोनचे दोन लाख

ठेकेदाराने मोबाइल करुणाच्या नाकासमोर धरला. "एक बटण दाबलं की दोन लाख तुमच्या अल्बमला. फक्त माझ्या खाणीच्या धुळीचं गाणं गाळा."

तिने ढोलकीवाल्या सुगतकडे जळजळीत पाहिलं. अल्बमला लागत होते ऐंशी हजार. ह्या शहाण्याने लोकवर्गणीच्या साइटवर मागितले तीन लाख, का तर व्हिडिओला ड्रोन हवा! जमला एक लाख. आज सहापर्यंत आकडा गाठला नाही, तर सगळे पैसे देणाऱ्यांना परत जाणार.

"घेऊन टाक ना ताई," सुगत पुटपुटला. "एका गाण्यानं काय होते?"

"त्याच गाण्यासाठी दिले बे लोकांनी! ऐंशी मागितले असते, तर हा उंबऱ्यावर तरी चढला असता काय?"

ठेकेदाराने घड्याळाकडे बोट केलं. "पाच मिनिटं उरली."

"पुरतात. बसा." तिने पेटी ओढली आणि तेच गाणं त्याच्या तोंडावर म्हटलं, एकही कडवं न गाळता. तिसऱ्या कडव्याला सुगतची ढोलकीही सामील झाली.

सहा वाजले. जमलेले लाख रुपये परत गेले.

"उद्या नव्याने ऐंशी हजार माग," ती सुगतला म्हणाली. "अन् ह्याला दार दाखव."