शनिवारची गाडी

बॉनेटला लावलेला हात महादेवप्पांनी झटकन मागं घेतला. फडकं हातात घेऊन त्यांनी बॉनेट उचललं. आत रेडिएटर धगधगत होता. होज पाइप दाबून पाहिला तर तो वाफेनं दगडासारखा टणक झाला होता. झाकण उघडलं असतं तर उकळतं पाणी तोंडावर आलं असतं.

आणि गाडी तर सकाळपासून जागची हलली नव्हती.

महादेवप्पा सूतगिरणीतले निवृत्त फिटर. शेळगीतल्या घरापुढं पत्र्याच्या शेडखाली त्यांची पंच्याण्णव सालची मारुती उभी असायची. दुपारी जेवून आडवं व्हायचं आणि झोपून उठलं की गाडीचं पाणी बघायचं, हा रोजचा नेम. त्या वेळी इंजिन गार असायचं, म्हणून झाकण बिनघोर उघडता यायचं.

"उन्हानं तापली असंल," बायको नीलव्वा म्हणाली. ती डाळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

महादेवप्पांना ते पटलं नाही. एप्रिलचं ऊन होतं खरं, पण गाडी सावलीत होती. शेजारची लोखंडी बादली नुसती कोमट होती. उन्हानं लोखंड तापतं, रेडिएटरमधलं पाणी उकळत नाही.

दुसऱ्या दिवशी ते कामाला लागले. जुनं पाणी सोडून दिलं. नळी लावून रेडिएटर उलट्या बाजूनं धुतला. आधी विटेच्या रंगाचं गंजकं पाणी आलं, मग पिवळट, मग स्वच्छ. वरचा होज नवा घातला, झाकण बदललं, हिरवं कूलंट भरलं आणि बाटलीवर पेन्सिलीनं रेघ मारली. दारातच अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. काटा मधल्या खुणेवरून हलला नाही. मीटरचा आकडाही त्यांनी वहीत लिहून ठेवला, गिरणीतल्या सवयीनं.

पुढचे पाच दिवस इंजिन गार होतं. सहाव्या दिवशी, शनिवारी, ते पुन्हा पेटल्यासारखं तापलेलं निघालं.

या वेळी त्यांनी मीटर बघितला. नऊ किलोमीटर वाढले होते.

त्यांचा हात आपोआप कमरेकडं गेला. गाडीची किल्ली एकच होती आणि ती कायम त्यांच्या करदोड्याला बांधलेली असायची. ती तिथंच होती. गाठही त्यांचीच होती, फिटरची, दुसऱ्या कुणाला न सुटणारी. त्या टळटळीत दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. त्यांना एकदम थकल्यासारखं वाटलं. हल्ली तसंच व्हायचं. दोन-दोन तास झोपूनही अंग मोडून यायचं, सदरा घामानं चिंब असायचा.

नीलव्वाला त्यांनी काही सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी जेवण झाल्यावर ते डोळे मिटून पडून राहिले. नीलव्वा स्वयंपाकघरात गेल्याची चाहूल लागली तसे उठले, बाहेर आले आणि गाडीत बसले. चोराला बसायला जागाच ठेवायची नाही म्हणून थेट स्टिअरिंगमागं बसले. काचा बंद होत्या. कानशिलावरून घाम ओघळत होता. समोरचा रस्ता पांढराफटक आणि मोकळा होता.

पावणेतीनला पावलं वाजली. डाव्या बाजूचं दार उघडलं.

नीलव्वा आत बसली. तिनं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. मांडीवर स्टीलचा डबा होता. तिनं दार ओढून घेतलं, पदर सारखा केला आणि समोर बघत म्हणाली, "चला की. गाडीची येळ झाली."

"कुटं जायचं?"

नीलव्वा दचकली. तिनं वळून त्यांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं, अनोळखी माणसाकडं बघावं तसं.

"आज जागे हायसा व्हय?"

मग तिनं सगळं सांगितलं. मृत्युंजय त्यांचा एकुलता एक मुलगा. हैदराबादला नोकरीला होता. दर शनिवारी दुपारच्या गाडीनं यायचा आणि महादेवप्पा त्याला आणायला स्टेशनवर जायचे. सहा वर्षांपूर्वी तो तिकडंच आजारानं गेला. त्याला माती महादेवप्पांनीच दिली होती. पण गेले दोन महिने शनिवार आला की ते भर झोपेतच उठायचे, सदरा घालायचे, किल्ली सोडायचे आणि स्टेशन गाठायचे. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत दारात उभे राहायचे. परत येऊन पुन्हा झोपायचे. आधी ते उठेपर्यंत इंजिन निवायचं; हल्ली ऊन वाढल्यापासून ते लगेच जागे व्हायचे.

"गाडी मी चालवतो?" महादेवप्पांनी विचारलं.

"नीट चालवता. सिग्नलला थांबता. फकस्त पापणी हालत न्हाई."

"मग मला उठवलं का न्हाईस?"

नीलव्वानं डब्यावरून हात फिरवला.

"पयल्या दिवशी उठवायलाच आले हुते. पर तुमी माझ्यासाठी दार उघडून धरलं. म्हनलासा, चल लवकर, पोरगं उन्हात हुबं ऱ्हाईल. तुमच्या शेजारी बसलं की मलाबी वाटतं, आज येईल."

महादेवप्पांनी करदोड्याची गाठ सोडली आणि गाडी सुरू केली. ते पूर्ण जागे होते.