मालकाचं नाव

"मालकाचं नाव?" मांजराच्या परवान्याचा अर्ज भरताना मी पालिकेच्या खिडकीतून विचारलं. कोपर गावच्या मावशींनी झाकलेली टोपली खाली ठेवत पदर डोक्यावर घेतला. "मालकांचं नाव कसं घेऊ?" "अहो, नवऱ्याचं नाही, मांजर सांभाळणाऱ्याचं. लस, घाण, शेजाऱ्यांच्या तक्रारी, सगळी जबाबदारी त्याची." "मग माझंच लिहा. मालन. चाळीस वर्षं मीच सांभाळतेय." मांजर एवढं जगत नाही, पण मागे रांग होती. "मांजराचं नाव?" त्या पुन्हा लाजल्या. "सांगितलं ना, मी नाव घेत नाही." "नावाशिवाय परवाना नाही, मावशी." त्यांनी घडी घातलेला कागद सरकवला. तो त्यांच्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता, मागच्या श्रावणातला. "मांजर कुठून आणलं?" "आणलं नाही. तेराव्याला आपणहून घरी आले." अर्जात उतरवताना मी दाखल्यावरचं नाव मोठ्याने वाचलं, "दगडू." टोपलीतून कुणीतरी ओ दिल्यासारखं खाकरलं.