अंदाजाने धरलेली मुलं

प्राध्यापकांची बायको चष्मा द्यायला प्रयोगशाळेत आली, तेव्हा प्राध्यापक एका तान्ह्या मुलाची कवटी हातात घेऊन फोटोसाठी उभे होते. चष्मा नेहमीप्रमाणे घरी राहिला होता. वर्तमानपत्राची माणसं आली आहेत, लगेच घेऊन ये, एवढंच ते फोनवर म्हणाले होते. ती दाराशीच थांबली.

लांबलचक टेबलांवर ट्रे मांडले होते आणि ट्रेंमध्ये माणसं होती. रस्ता रुंद करताना एक जुनी दफनभूमी लागली, तिथली. कोण कितव्या वर्षी मेलं हे दातांवरून, हाडांवरून ठरवायचं आणि ते अख्खं गाव कसं जगलं, कशाने मेलं ते सांगायचं, हे प्राध्यापकांचं काम. त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

फोटो झाला, कवटी पुन्हा कापसात गेली. बातमीदार मुलगी चलाख होती. इथे म्हातारे आहेत, बाया आहेत, पोरगेले आहेत, मग तान्ही मुलं कुठे गेली, तिने विचारलं. एवढ्या गावात ही एकच?

प्रश्न प्राध्यापकांच्या आवडीचा. ते खुलले. तान्ह्यांची हाडं मऊ असतात, मातीत विरून जातात. शिवाय त्यांना चारचौघांत पुरायचेही नाहीत, कुठेतरी कुंपणाबाहेर खड्डा काढायचे. सापडली तेवढीच हाडं मोजली, तर त्या गावात मूल कधी मेलंच नाही असं वाटेल.

"ती सापडत नाहीत, पण ती होती," ते म्हणाले. "म्हणून आम्ही ती धरतो. अंदाजाने का होईना, धरावीच लागतात. नाहीतर सगळा हिशेब खोटा."

मुलीने ते वाक्य उतरवून घेतलं. उतरवून घेण्यासारखंच होतं.

जिवंत माणसांचंही तेच, प्राध्यापक पुढे सांगू लागले. पाहणीला गेलं की बाईला 'मुलं किती' असं कधी विचारायचं नाही. ती घरात हिंडतात फिरतात तेवढीच सांगते. गेलेल्याचा विषय ती आपण होऊन काढत नाही. आणि शेजारी नवरा बसला असेल तर बघायलाच नको, तोच उत्तर देऊन मोकळा होतो. तेव्हा विचारायचं, जन्माला किती आली. आणि विचारून गप्प बसायचं.

दाराशी उभ्या असलेल्या बाईकडे मुलीचं लक्ष तेव्हा गेलं. प्राध्यापकांनी ओळख करून दिली. मुलीला गंमत सुचली.

"मॅडम, सरांनी शिकवलंय तसं विचारून बघते हं. तुम्हाला मुलं किती... नाही, चुकलं. जन्माला किती आली?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न बायकोला कुणी असा नीट विचारला नव्हता. सासू, आई, शेजारणी, सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं, की ज्याचं नाव ठेवलं नाही ते मूल धरायचं नसतं. तिचं एवढंच मागणं होतं, की एकदा, फक्त एकदा, नवऱ्याच्या तोंडून 'दोन' ऐकावं. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"एकच. मुलगी," प्राध्यापक म्हणाले. "इंजिनिअर आहे."

सगळे हसले, कारण उत्तर नवऱ्याने दिलं होतं. प्राध्यापकही हसले. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच; फक्त पाषाणाला आपण कोरडे असल्याचं कळत नाही.

फोटोग्राफरला मघाचा फोटो पसंत नव्हता. त्याने प्राध्यापकांना पलीकडच्या खिडकीपाशी उजेडात बोलावलं, कवटी घेऊन. त्यांनी ती कापसातून अलगद उचलली. एक तळवा खाली, मानेच्या जागी. दुसरा वरून, आडोशासारखा. कोपरं अंगाशी. महिनाभर खपून तुकडा तुकडा जोडलेली, श्वास लागला तरी निखळेल अशी वस्तू. फार सुरेख धरली होती. बाळंतिणीच्या खोलीतल्या नर्सनेही नावं ठेवली नसती.

"येतं की तुम्हाला धरायला," चष्मा द्यायला जवळ आलेली बायको म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. बातमीदार मुलीला वाटलं, हीसुद्धा गंमतच.

"काय ते?" प्राध्यापकांनी विचारलं.

"मुलगा होता आपल्याला. सकाळी झाला, दुपारपर्यंत होता. नर्सने तुमच्यापुढे केला, तर म्हणालात, एवढं लहान मला धरता येत नाही. आणि बाहेर जाऊन उभे राहिलात."

कॅमेरा खाली आला. मुलगी वहीत बघत राहिली, पण लिहीत नव्हती. कापसाचा ट्रे खोलीच्या दुसऱ्या टोकाला राहिला होता आणि कवटी घेऊन तिथवर जाण्याचा प्राध्यापकांना आता भरवसा वाटेना.

"धरा हो कुणीतरी," ते म्हणाले. "पडेल."

सगळ्यांत जवळ बायको होती. तिच्या हातात चष्मा होता. तो तिने खाली ठेवला नाही.