मोहोर

देविका अलमेलू मामींना हाताला धरून सोसायटीच्या हॉलमध्ये घेऊन आली, आणि स्टेजकडे बघून मामी दारातच थबकल्या. मागची सगळी भिंत कडुनिंबाच्या डहाळ्यांनी झाकली होती. वर फलक लावला होता: 'एक कडुनिंब, दोन नववर्षं'. चेन्नईच्या वेलचेरीतल्या मराठी मंडळींचा गुढीपाडवा, आणि मामी प्रमुख पाहुण्या.

कल्पना देविकाचीच. आपण पाडव्याला कडुनिंबाची पानं खातो, हे तमिळ लोक चौदा एप्रिलला त्यांच्या वर्षारंभाला त्याच्याच फुलांची पचडी करतात. मग परकं कोण? दर वर्षी शेजारच्या मामींच्या हातची ती कडूगोड पचडी चाटताना तिला हेच वाटायचं. परमुलखात सहा वर्षं काढून खरं म्हणजे हे एकच घर तिला आपलं झालं होतं.

"अय्यो, किती मोहोर!" मामी हरखून म्हणाल्या. देविकाची तमिळ मोडकी, मामींचं इंग्रजी मोडकं, पण दोघींचं कधी काही अडत नसे. "एवढा कुठून आणलात?"

"ओळखा बघू! आपलाच, मामी. तुमच्या खिडकीमागचा."

मामींनी तिचा हात सोडला.

आठवडाभर अण्णा नगरला लेकीकडे राहून त्या आत्ताच देविकाच्या गाडीतून थेट हॉलवर आल्या होत्या. त्या तडक मागच्या दाराने बाहेर गेल्या. देविका मागोमाग धावली. झाडाचा नुसता खराटा झाला होता. सकाळी मंडळातले दोघे-तिघे कोयते घेऊन वर चढले होते, आणि खालून "अजून थोडा, अजून थोडा" म्हणणारी देविकाच होती. हौसेला मोल नाही म्हणतात. असतं हो, फक्त ते बरेचदा दुसऱ्याच्या गाठीचं जातं.

"सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं होतं मामी," ती चाचरत म्हणाली. "ते म्हणाले, खुशाल न्या, नाहीतरी गाड्यांवर कचराच पडतो."

"कचरा?" मामी वर बघत राहिल्या. "आम्ही फूल तोडत नाही गं. खाली धोतर अंथरायचं आणि आपणहून पडेल तेवढं वेचायचं. आमच्या ह्यांनी लावलेलं झाड. ते गेल्यापासून पचडीची पहिली वाटी त्यांच्या फोटोपुढे, मग आमचं वर्ष सुरू. हा मोहोर तर अजून उमललाही नव्हता."

देविकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी बाजारातून आणते ना, मामी. सुकवलेली फुलं पाकिटात मिळतात."

"मिळतात," मामी म्हणाल्या.

आतून माइकवर सूत्रसंचालन करणाऱ्या अनिकेतचा आवाज घुमला, "आणि आता आपल्या सगळ्यांच्या लाडक्या मामी दोन शब्द बोलतील!"

"बोलावलंय, तर जायला हवं," असं म्हणून मामी आत गेल्या.

स्टेजवर त्यांनी माइक घेतला नाही. लोकांकडे पाठ केली, रेशमी पदर एका हाताने पसरला आणि भिंतीवरची एकेक डहाळी चाचपायला लागल्या. सगळ्या कळ्या. मध्येच एखादं उमललेलं फूल सापडलं की ते अलगद खुडून पदरात टाकत, मग पुढची डहाळी. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"वा! बघा, मोहोर ओटीत घेताहेत!" अनिकेत माइकवर ओरडला. "याला म्हणतात नातं!"

फोन वर झाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पहिल्या रांगेतल्या कौमुदीताईंनी देविकाच्या कानाशी वाकून विचारलं, "हे तुम्हीच बसवलंत ना हो? अंगावर काटा आला अगदी!"

देविका हो म्हणाली.