चुन्याआडचं सोनं

"या भिंतींवर सोन्याचा वेल हवा," तरुण सुलतान म्हणाला. म्हातारा गवंडी यिद्दर पांढऱ्या भिंतीवरून हात फिरवू लागला.

तीस वर्षांपूर्वी या सुलतानाच्या बापाने ॲटलासच्या डोंगरांतून आपल्या बर्बर टोळीतले जातभाई आणून हे शहर जिंकलं होतं. अंगावर घोंगडी, पण तोरा केवढा. याच भिंतींवरचा सोनेरी वेल बघून तो थुंकला होता. "ऐषारामाने माणूस सडतो," म्हणत त्याने यिद्दरकडूनच तो चुन्याखाली गाडून घेतला होता.

लेकाला आता घोड्यावर चढवायलाही दोन माणसं लागत.

"किती महिने लागतील?"

"महिने कशाला, हुजूर?" यिद्दरने करणीच्या टोकाने चुन्याचा पोपडा काढला. आतून सोन्याचं पान चमकलं.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "चुना भिजत घाल. डोंगरात आणखी घोंगडीवाल्या टोळ्या आहेत."